मेहर आणि वारसाहक्क: मुस्लिम स्त्रियांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं भारतात लागू असलेल्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला धरून आहेत. मुख्य चौकट हनफी सुन्नी पंथाची आहे, कारण आपल्याकडे बहुसंख्य मुस्लिम त्या पंथाचे आहेत. शिया कायदा जिथे बराच वेगळा पडतो तिथे तसं सांगितलं आहे. प्रश्न मात्र पंथ बघून येत नाहीत. ते बहुतेक वेळा दोनच प्रसंगी येतात: घरात मयत झाल्यावर, नाहीतर तलाक झाल्यावर. म्हणजे बाई सगळ्यात खचलेली असते तेव्हा. ही माहिती त्याआधी वाचली जावी, अशी मनापासून इच्छा आहे.

मेहर म्हणजे नेमकं काय? ती वधूची किंमत आहे का?

नाही. किंमत असती तर ती बापाच्या हातात गेली असती. इस्लामपूर्व अरबस्तानात वधूच्या वडिलांना किंवा पालकाला रक्कम देण्याची रीत होती. कुराणाच्या सूरह निसातल्या चौथ्या आयतीने ती वळवून थेट स्त्रीच्या हातात दिली: स्त्रियांना त्यांचा मेहर खुशीने द्या. निकाह झाला की नवऱ्यावर हे देणं चढतं आणि ते फेडेपर्यंत कर्ज म्हणून उभं राहतं. न्यायालयंही मेहरकडे कर्ज म्हणूनच बघतात. तो नवऱ्याचा मोठेपणा नाही, भेट नाही आणि तलाकची नुकसानभरपाईही नाही.

हुंडाबंदी कायदा १९६१ मधल्या हुंड्याच्या व्याख्येतून मेहर स्पष्टपणे वगळला आहे. त्यामुळे ‘मेहर मागणं म्हणजे हुंडा मागणं’ असं कुणी म्हणालं तर ते साफ चूक आहे.

निकाहनाम्यात ‘मुअज्जल’ लिहिलंय. त्याचा अर्थ आत्ता की नंतर?

हा घोळ उच्चारातून होतो. अरबीत दोन वेगळे शब्द आहेत आणि आपल्या बोलीत ते जवळजवळ सारखेच ऐकू येतात. मुअज्जल म्हणजे तातडीचा, मागताक्षणी द्यायचा मेहर. मुवज्जल म्हणजे पुढे ढकललेला, तलाक झाल्यावर किंवा जोडीदार वारल्यावर देय होणारा. एका अक्षराच्या फरकावर पुढे वर्षानुवर्षं दावा चालू शकतो. म्हणून निकाहनाम्यात त्या शब्दाशेजारी साध्या मराठीत ‘मागताच देय’ किंवा ‘तलाक अथवा मृत्यूनंतर देय’ असं लिहून घ्या. त्याला कुठल्याही काझींची हरकत असण्याचं कारण नाही.

काहीच लिहिलेलं नसेल तर शिया कायद्यात सगळा मेहर तातडीचा मानतात. सुन्नी पक्षकार असतील तर न्यायालय रूढी, दोन्ही कुटुंबांची परिस्थिती आणि मेहरची रक्कम पाहून किती भाग तातडीचा ते ठरवतं.

मेहर किती असावा? आमच्याकडे ७८६ रुपये लिहायची पद्धत आहे.

हनफी पंथात किमान मेहर १० दिरहम (चांदीची जुनी नाणी), म्हणजे साधारण ३० ग्रॅम चांदी. शाफई (सुन्नींचाच दुसरा पंथ) आणि शिया कायद्यात किमान मर्यादा नाही. कमाल मर्यादा कुणाकडेच नाही. सूरह निसाची विसावी आयत तर म्हणते की बायकोला संपत्तीचा ढीग दिला असेल तरी त्यातलं काही परत घेऊ नका. ‘सव्वाबत्तीस रुपये हा शरई मेहर’ असं अजूनही कुठे कुठे ऐकू येतं, त्याला कसलाही आधार नाही. मेहर-ए-फातिमी नावाने ओळखला जाणारा मेहर ५०० दिरहमचा सांगतात, म्हणजे सुमारे दीड किलो चांदी.

रुपयात लिहिलेला मेहर काळ खातो. पोटगीच्या गाजलेल्या खटल्यातल्या शाहबानो यांचा निकाह १९३२ साली झाला, तलाक १९७८ साली. मेहर होता ३,००० रुपये. १९३२ मध्ये ती मोठी रक्कम होती. ४६ वर्षांनी तेवढेच ३,००० रुपये न्यायालयात भरून नवऱ्याने आपली जबाबदारी संपल्याचा दावा केला. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: मेहर सोन्याच्या किंवा चांदीच्या वजनात लिहा, किंवा घर, जमीन, गाळा अशा वस्तूत. आकडा शुभ आहे का, हा विचार त्यानंतरचा. विषय काढताना संकोच वाटतो हे समजतं, पण निकाहच्या बैठकीत दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोर असतात, तेव्हा पाच मिनिटांत मिटणारी ही गोष्ट आहे.

निकाहच्या वेळी मेहर ठरलाच नव्हता. मग हक्क गेला?

नाही. निकाहही वैध आणि मेहरही देय. अशा वेळी मेहर-ए-मिस्ल ठरवतात. स्त्रीच्या वडिलांकडच्या बायकांना, म्हणजे तिच्या बहिणींना, आत्यांना किती मेहर मिळाला होता, तिचं वय, शिक्षण, घराणं, हे पाहून रक्कम निघते. ‘मेहर घेणार नाही’ अशी अट घालून निकाह केला असला तरी ती अट टिकत नाही.

नवरा हयात आहे, संसार चालू आहे. तरी मेहर मागता येतो?

तातडीचा असेल तर केव्हाही. तो मिळेपर्यंत पत्नीला सासरी नांदायला जाण्यास नकार देता येतो. एकत्र राहायला लागल्यानंतर नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा लावला, तर न्यायालय आधी मेहर दे आणि मग हुकूम घे, अशी अट घालू शकतं. १९३३ च्या अनिस बेगम खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने हीच वाट घेतली होती.

संसार चालू असताना मेहर मागणं म्हणजे भांडण उकरून काढणं, अशी समजूत घराघरात आहे. खरं तर नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज तो धडधाकट असताना फिटावं, हे त्याच्याही हिताचं आहे.

माझे पती वारले तेव्हा जनाजा उचलायच्या आधी मला सगळ्यांसमोर ‘मेहर माफ केला’ म्हणायला लावलं. आता मागता येईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. तो ऐकताना दर वेळी तोच प्रसंग डोळ्यांसमोर येतो. मय्यत अंगणात आहे, बाई रडून रडून अर्धमेली झाली आहे आणि कुणी तरी वडीलधारी बाई कानाशी म्हणते, ‘बेटा, माफ कर, म्हणजे त्यांची सुटका होईल.’

स्त्री मेहर माफ करू शकते, पूर्ण किंवा थोडा. पण ती माफी खुशीने, समजून, कुणाच्या दडपणाशिवाय दिलेली हवी. सूरह निसाच्या त्याच चौथ्या आयतीत ‘त्यांनी आपल्या मर्जीने त्यातलं काही सोडलं तर’ अशीच अट आहे. नवऱ्याच्या मृत्यूच्या धक्क्यात असताना वदवून घेतलेली माफी बंधनकारक नाही, असं आपल्या न्यायालयांनी १९२० च्या सुमारासच म्हटलं आहे. तेव्हा होय, मागता येईल. तिथे कोण कोण होतं, तुम्ही कुठल्या अवस्थेत होता, शब्द कुणी सुचवले, हे आजच लिहून ठेवा. पुढे साक्षीला तेच उपयोगी पडतं.

आणि ज्यांना खरोखर मयताची सुटका हवी आहे त्यांच्यासाठी: कर्जातून सुटका ते फेडल्याने होते. मालमत्ता मागे आहे, वारस आहेत, तर फेडण्याचा रस्ता मोकळा आहे. विधवेकडे माफी मागण्याआधी कपाटाची किल्ली काढायला हवी.

दीर म्हणतात, ‘तुला वारसाचा हिस्सा मिळतोय, मग मेहर कशाला?’

दोन्ही मिळतात, आणि क्रमाने मिळतात. मयताच्या मालमत्तेतून आधी दफनविधीचा खर्च, मग कर्जं, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत (मृत्युपत्र), आणि उरलेल्यावर वारसांचे हिस्से. मेहर कर्जात मोडतो, म्हणजे वाटणीच्या आधी. विधवा एकाच वेळी धनकोही असते आणि वारसही. वारसांना हे कर्ज स्वतःच्या खिशातून फेडावं लागत नाही, पण हाती आलेल्या हिश्श्याच्या प्रमाणात ते त्यांच्यावर येतं.

आणखी एक मोठा हक्क आहे, तो फार थोड्या जणींना माहीत असतो. मेहरच्या बदल्यात नवऱ्याच्या मालमत्तेचा ताबा विधवेकडे सरळ मार्गाने, जबरदस्ती किंवा फसवणूक न करता आलेला असेल, तर मेहर फिटेपर्यंत तिला तो ताबा राखता येतो. इतर वारस तिला तोवर बाहेर काढू शकत नाहीत. मात्र तिला ती मालमत्ता या हक्काच्या जोरावर विकता येत नाही. मैना बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाने, १९२५ साली हे स्पष्ट केलं. शिवाय बँक वा सावकार अशा इतर धनकोंपेक्षा तिला वरचा मान मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कपूरचंद खटल्यात सांगितलं.

यातून निघणारी व्यवहारातली गोष्ट अशी: राहतं घर सोडू नका. ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’ म्हणून निघालेली बाई परत येते तेव्हा कुलूप बदललेलं असतं, आणि गेलेला ताबा नुसत्या मेहरच्या हक्कावर परत मिळवणं अवघड जातं.

तलाक झाला तर मेहर किती मिळतो? आणि खुला घेतला तर?

पती-पत्नी एकत्र राहिले असतील तर पूर्ण, तातडीचा आणि पुढे ढकललेला दोन्ही. एकत्र येण्याआधीच तलाक झाला आणि मेहर ठरलेला असेल तर निम्मा. नवरा वारला असेल तर एकत्र आले नसले तरी पूर्ण.

खुला म्हणजे पत्नीच्या पुढाकाराने, काही तरी सोडून घेतलेली फारकत. बहुतेक वेळा तिथे मेहर सोडला जातो. पण किती सोडायचा ही बोलण्याची गोष्ट आहे. खुला म्हटलं की मेहर आपोआप गेला असं समजून सही करू नका. नवरा नांदवत नसेल, खर्च देत नसेल, छळ करत असेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली न्यायालयातून फारकत मागता येते. त्या कायद्याचं पाचवं कलम सांगतं की अशा फारकतीने मेहरच्या हक्काला धक्का लागत नाही. अत्याचार सोसलेल्या बाईने वर मेहरही गमवावा, याची काहीच गरज नाही.

एका दमात दिलेला तीन तलाक २०१७ च्या शायरा बानो निकालानंतर आणि २०१९ च्या कायद्यानंतर तलाकच ठरत नाही. म्हणजे निकाह कायम, आणि मेहरही कायम.

मेहर मिळाला की पोटगी बंद होते का?

नाही. १९८५ च्या शाहबानो निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मेहर हा विवाहामुळे देय होतो, तलाकमुळे नाही, म्हणून तो पोटगीची जागा घेऊ शकत नाही. १९८६ च्या मुस्लिम स्त्रिया (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) कायद्यानुसार घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला मेहर वेगळा, आणि ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ वेगळी. ती तरतूद इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेच्या, काळात करायची, पण इद्दतीपुरती नव्हे, पुढच्या आयुष्यासाठी, असा अर्थ २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात लावला गेला. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीच्या सर्वसाधारण कलमाचा मार्गही तिला खुला आहे.

माहेरून आलेले दागिने, भांडी, फर्निचर सासरी अडकलंय.

ते तुमचं आहे. निकाहच्या आधी, वेळी किंवा नंतर माहेरच्यांनी, नातेवाइकांनी, मित्रमंडळींनी, इतकंच काय नवऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी दिलेल्या वस्तूंवर घटस्फोटानंतर स्त्रीचा हक्क आहे, असं १९८६ च्या कायद्याचं तिसरं कलम म्हणतं. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लग्नातले फोटो, व्हिडिओ, सोनाराच्या पावत्या जपून ठेवा.

माझ्या पगारावर, माझ्या नावच्या घरावर नवऱ्याचा हक्क असतो का?

अजिबात नाही. निकाहने दोघांची मालमत्ता एक होत नाही.

वडील वारले. मुलगी म्हणून मला किती मिळणार?

भाऊ असेल तर भावाच्या निम्मा हिस्सा. भाऊ नसेल आणि एकटीच मुलगी असाल तर अर्धी मालमत्ता. दोन किंवा अधिक मुली असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. मयताला मुलं असतील तर विधवेला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. एकाहून अधिक विधवा असतील तर तेवढ्याच हिश्श्यात वाटून. मयताची आई हयात असेल आणि मयताला मुलं असतील तर तिला एक षष्ठांश.

समजा दफनाचा खर्च, कर्ज आणि मेहर वजा जाता २४ लाख उरले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. पत्नीला ३ लाख. उरलेल्या २१ लाखांचे चार भाग: मुलाला दोन, म्हणजे साडेदहा लाख, आणि प्रत्येक मुलीला सव्वापाच लाख. मयताची आईही असेल तर तिला ४ लाख. मग उरतात १७ लाख. त्यातले साडेआठ मुलाला आणि सव्वाचार-सव्वाचार मुलींना.

मुलीला निम्मं का, असा प्रश्न तरुण मुली विचारतात आणि तो विचारायलाच हवा. पारंपरिक उत्तर असं की घरखर्च आणि मेहर या जबाबदाऱ्या पुरुषावर आहेत, स्त्रीच्या हिश्श्यावर मात्र कुणाचाच भार नाही. आज कितीतरी बहिणी घर चालवतात, तिथे हे उत्तर अपुरं पडतं असं मला वाटतं. पण रोज दिसणारं दुखणं त्याच्याही आधीचं आहे: तो निम्मा हिस्साही हातात पडत नाही. सूरह निसाची सातवी आयत स्त्रीचा हिस्सा ‘थोडा असो वा जास्त, ठरवून दिलेला’ म्हणते. वाटणीच्या दिवशी ही आयत कुणालाच आठवत नाही.

आम्ही दोघी बहिणीच. काका म्हणतात त्यांचाही हिस्सा आहे. खरं आहे का?

सुन्नी कायद्यात खरं आहे. उहुदच्या लढाईत पैगंबरांचे सहकारी साद बिन रबी शहीद झाले तेव्हा त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. साद यांची विधवा दोन मुलींना घेऊन पैगंबरांकडे दाद मागायला गेली. निर्णय झाला तो असा: मुलींना दोन तृतीयांश, विधवेला एक अष्टमांश, उरेल ते भावाला. वरच्या २४ लाखांत बसवलं तर मुलींना १६, त्यांच्या आईला, म्हणजे विधवेला, ३, काकांना ५ लाख. काकांचा हिस्सा आहे, पण तो सगळ्यात शेवटी, उरलेला आहे. लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे वारसाहक्काच्या या निर्णयामागे एका विधवेची तक्रार आहे.

शिया कायद्यात मुली असताना काकांना काही मिळत नाही, उरलेला भागही मुलींकडे फिरतो. उलट शिया विधवेला मूल नसेल तर नवऱ्याच्या जमिनीत हिस्सा नाही, हे त्या कायद्यातलं कडू वास्तव आहे.

मुलींनाच सगळं मिळावं असं वडिलांना वाटत असेल तर त्यांनी हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस म्हणून मालमत्ता देणं, करावा. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: देत असल्याची उघड घोषणा, स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा. तोंडी हिबाही वैध आहे, पण लेखी आणि नोंदणीकृत असला की पुढची वीस वर्षं शांत जातात. मरणासन्न आजारात केलेला हिबा मात्र वसीयतीच्या मर्यादेत अडकतो: एक तृतीयांश, तोही वारसाला द्यायचा तर सुन्नी कायद्यात इतर वारसांच्या संमतीने. ज्यांचा विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला आहे, त्यांना मुस्लिम वारसा नियमांऐवजी भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मुलगा-मुलगी समान आहेत.

अब्बा हयात असतानाच भावाने माझ्याकडून हक्कसोड पत्र लिहून घेतलं. आता काय?

मुस्लिम कायद्यात जन्माने हक्क मिळत नाही. वडील हयात आहेत तोवर मुलाचाही हक्क नाही आणि मुलीचाही नाही. मग जे अजून मिळालेलंच नाही ते सोडणार कसं? म्हणून हयातीतलं हक्कसोड पत्र एरवी निरर्थक ठरतं. पण इथे एक खाच आहे. हक्क सोडण्याच्या बदल्यात तुम्ही पैसे किंवा मालमत्ता घेतली असेल आणि त्या भरवशावर इतरांनी आपले व्यवहार केले असतील, तर नंतर शब्द फिरवता येत नाही, असं १९७३ मध्ये गुलाम अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. तेव्हा काही घेतलं होतं का, किती, कागदावर काय लिहिलंय, हे आधी पाहा.

वडिलांच्या मृत्यूनंतर केलेलं नोंदणीकृत हक्कसोड पत्र मात्र पक्कं असतं. फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय ते मोडत नाही. ‘वारस नोंदीसाठी सही लागते’ असं सांगून तलाठी कार्यालयात किंवा नोंदणी कार्यालयात नेतात, तेव्हा कागदाचं शीर्षक तरी वाचा. तिथे ‘हक्कसोड’ किंवा ‘बक्षीसपत्र’ असेल तर पेन खाली ठेवा. भाऊ रागावेल, कदाचित वर्षभर ईदला बोलावणार नाही. कितीतरी बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. तो निर्णय त्यांचा आहे, फक्त आपण किती लाखांवर सही करतोय हे त्यांना कळलेलं असावं.

सातबाऱ्यावर माझं नावच नाही. म्हणजे हिस्सा नाही?

सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद आहेत, त्यांनी मालकी मिळत नाही आणि जातही नाही. वारस म्हणून हक्क मृत्यूच्या क्षणीच तयार झालेला असतो. मात्र शेतजमिनीबाबत सावध राहा. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. मद्रास आणि केरळसारख्या राज्यांनी नंतर दुरुस्ती करून ती आत घेतली, उत्तर प्रदेशात जमीन धारणेच्या कायद्याचा वेगळा वारसाक्रम चालतो. जमीन ज्या राज्यात आहे तिथल्या कायद्यानुसार उत्तर बदलतं.

दावा किती वर्षांत करावा लागतो?

मेहरसाठी तीन वर्षं. तातडीचा मेहर मागितला आणि नवऱ्याने नाकारला, तर नकारापासून. मागितलाच नसेल, किंवा मेहर पुढे ढकललेला असेल, तर तलाक किंवा मृत्यूपासून. इद्दत, दुःख, मुलांच्या शाळा, जमातीतल्या बैठका यात दोन वर्षं कशी जातात कळत नाही. बैठका चालू असल्या तरी ही मुदत थांबत नाही.

वारसाच्या हिश्श्याचं तसं नाही. भाऊ घरात राहतो एवढ्याने बहिणीचा हक्क बुडत नाही, कारण सहमालकाचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. पण त्याने ‘तुझा काही संबंध नाही’ असं उघडपणे नाकारलं, तर तिथून बारा वर्षांचा काळ मोजला जाऊ शकतो.

सुरुवात कुठून करू? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या बाराव्या कलमानुसार कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. तिथे साधा अर्ज करायचा. नवऱ्याविरुद्ध मेहरचा दावा कौटुंबिक न्यायालयात जातो, ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. नवरा वारला असेल तर त्याच्या वारसांविरुद्ध दिवाणी दावा. घटस्फोटित स्त्रीला १९८६ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडेही मेहर मागता येतो. ते तुलनेने लवकर होतं.

जाताना निकाहनामा न्या. हरवला असेल तर ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या दप्तरात नोंद असते, नक्कल मागा. तीही नसेल तर निकाहचे गवाह आणि वकील (वधूचा प्रतिनिधी) म्हणून बसलेली माणसं हयात आहेत का पाहा. मेहर तोंडी पुराव्यानेही सिद्ध करता येतो. मृत्यूचा दाखला किंवा तलाकचा कागद, मालमत्तेचे उतारे, बँकेची पासबुकं, आणि एका पानावर सगळ्या वारसांची नावं नात्यासकट.

माझी आई मेहर न मिळताच वारली. तिचा मेहर आम्ही मुलं मागू शकतो का?

हो. मेहर हे तिचं येणं होतं आणि आता ते तिच्या वारसांचं येणं आहे. नवराही तिचा वारस असल्याने त्याचा चौथा हिस्सा वजा होतो, उरलेलं मुलांचं. मुदत तिच्या मृत्यूपासून तीन वर्षं. बापाकडे आईचा मेहर मागायला जीभ रेटत नाही, हे मुलं सांगतात तेव्हा मी त्यांना घाई करत नाही. फक्त आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख त्यांना मोठ्याने वाचायला सांगते.